उजव्या पायाचे डॉक्टर

पाऊल व घोटा शस्त्रक्रियेच्या प्रत्यक्ष हस्तप्रशिक्षणासाठी ज्यांची निवड झाली, त्या सर्व शल्यविशारदांना आयोजकांनी वेळेत कळवलं की, येताना प्रत्येकाने आपले दोन्ही हात सोबत आणावेत. ड्रिल, स्क्रू आणि पाय आयोजकांकडून मिळतील.

हे वाचून डॉक्टरांनी एकदा आपल्या हातांकडे पाहिलं. या हातांनी त्यांनी अर्धं आयुष्य लोकांचे मोडलेले घोटे जुळवले होते. जिन्यावरून घसरलेले, शिडीवरून पडलेले, खेळताना दुसऱ्याच्या पायात अडकलेले आणि काहीही न करता नुसते उभ्या उभ्या मुरगळलेले. त्यातले बहुतेक लोक आज चालत होते. काही तर डॉक्टर रस्त्यात दिसले की ओळख न दाखवता भराभर निघून जाण्याइतके छान चालत होते. मग हे प्रशिक्षण आपल्याला कशासाठी, असा प्रश्न डॉक्टरांना पडला, आणि पडलेला प्रश्न विचारून टाकायची त्यांना वाईट खोड होती.

"तुम्हाला अनुभव आहे, हे मान्य," रुग्णालयाचे अधीक्षक म्हणाले. अधीक्षकांना बोलताना टेबलावरची टाचणी उचलून दुसरीकडे ठेवायची आणि मग पुन्हा जागेवर आणायची सवय होती. त्यांच्या दिवसातलं बरंचसं काम यातच होत असे. "पण अनुभव कोणाला दिसतो? तो तुमच्या हातात. उद्या तुम्ही हात खिशात घातलेत की रुग्णालयाकडे काय उरलं? प्रशिक्षणाचं तसं नसतं. ते दिसतं."

"म्हणजे नक्की काय दिसतं?"

"घेऊन या, मग दिसेल."

डॉक्टर गेले.

प्रशिक्षणाचं दालन मोठं, थंडगार आणि नव्या रंगाच्या वासाचं होतं. ओळीने टेबलं मांडली होती, प्रत्येक टेबलावर लोखंडी शिकंजा आणि शिकंज्यात आवळलेला, गुडघ्याखालचा एकेक प्लॅस्टिकचा पाय. वरून फोमची कातडी, आत नारिंगी हाडं. उद्घाटनासाठी पहिल्या टेबलावरच्या पायाच्या अंगठ्याला फीत बांधली होती. ती कापताना प्रमुख पाहुण्यांची कात्री जरा जास्तच आत गेली आणि फितीबरोबर अंगठ्याचं टोकही खाली पडलं. टाळ्या मात्र थांबल्या नाहीत. त्या टेबलावर ज्यांची नेमणूक झाली होती, त्यांना अंगठा जोडण्याचं वाढीव प्रशिक्षण आपोआपच मिळालं.

प्लॅस्टिकचा पाय हा आदर्श रुग्ण असतो, हे डॉक्टरांना मान्य करावं लागलं. त्याला रक्त नाही, साखर नाही, दमा नाही. त्याचं हाड पुस्तकात दाखवलेलं असतं तिथेच आणि तेवढंच मोडलेलं असतं. तो कण्हत नाही, आणि त्याच्यासाठी बाहेर कोणी काका-मामा येऊन "पण शेजारच्यांना तर नुसत्या मलमाने बरं वाटलं" असं सांगत नाहीत. डॉक्टरांनी कातडी उघडली, हाड जुळवलं, वर धातूची पट्टी ठेवली, स्क्रू पिळले आणि हात पुसून ते बाजूला उभे राहिले.

"इतक्यात झालं?" प्रशिक्षणप्रमुख जवळ येऊन म्हणाले. "तुमच्या हाताला सवय आहे असं दिसतं."

"हो, आहे थोडी."

"काळजी करू नका. जाईल."

या प्रशिक्षणप्रमुखांबद्दल सगळ्यांनाच फार आदर होता. त्यांनी इतक्या शल्यविशारदांना तयार केलं होतं की त्यांना स्वतःला ऑपरेशन करायला कित्येक वर्षांत सवड झाली नव्हती. वापर नसल्यामुळे त्यांची बोटं अजूनही नाजूक आणि देखणी होती. ती बोटं हवेत फिरवून ते स्क्रूची दिशा दाखवत, तेव्हा पाहणाऱ्याला स्क्रू दिसल्यासारखा वाटे.

डॉक्टरांनी एकवार सगळ्या टेबलांवरून नजर फिरवली. काहीतरी खटकत होतं, ते आता कळलं.

"सर, हे सगळे पाय उजवेच आहेत."

"बरोबर. कंपनीकडे साचा उजव्याचा आहे."

"आणि डावा?"

"डावा म्हणजे उजव्याच्या उलट. हे तुम्हा-आम्हाला कळतं हो, पण हाताला कसं कळणार? म्हणून तर हे हस्तप्रशिक्षण. हाताने जे केलं नाही, ते आलं असं आम्ही कधी म्हणत नाही. त्या बाबतीत आम्ही फार काटेकोर आहोत."

डॉक्टरांनी कौतुकाने मान डोलावली. वास्तविक त्यांनी इथेच थोडं थांबून विचार करायला हवा होता, पण तेवढ्यात जेवणाची घंटा झाली आणि मोठमोठ्या माणसांचा विचार ज्या ठिकाणी थांबतो, त्याच ठिकाणी डॉक्टरांचाही थांबला.

समारोपाला प्रत्येकाच्या कोटावर एक लहानसा सोनेरी बिल्ला लावण्यात आला. पावलाच्या आकाराचा. पाऊल अर्थातच उजवं होतं.

डॉक्टर परत आल्यावर अधीक्षकांनी चष्मा कपाळावर चढवून बिल्ला जवळून निरखला.

"याला म्हणतात दिसणं," ते समाधानाने म्हणाले. मग टाचणी इकडून तिकडे गेली. "पण हे पाऊल उजवं आहे."

"हो. तिथे उजवेच पाय होते."

"मग डाव्याचं काय?"

"डावा मी करतोच की. जायच्या आदल्या दिवशीच एक केला."

"तेव्हा तुम्ही अप्रशिक्षित होतात," अधीक्षक शांतपणे म्हणाले. "अप्रशिक्षित माणसाला मर्यादा नसते. त्याला काय येतं हे कोणी ठरवलेलंच नसतं, त्यामुळे तो काहीही करू शकतो. मर्यादा येते ती प्रशिक्षणाने. आता तुम्हाला काय येतं हे ठरलं आहे. उजवा घोटा येतो. म्हणजे डावा येत नाही, हेही त्यातच आलं."

"पण मला येतो."

"तुमची भावना मी समजू शकतो."

"मग मी हा बिल्लाच काढून ठेवतो. पूर्वीसारखे दोन्ही पाय करतो."

अधीक्षकांनी त्यांच्याकडे दयेने पाहिलं. "बिल्ला काढाल, पण झालेलं प्रशिक्षण न झालेलं कसं करणार?"

अधीक्षकांच्या म्हणण्यात कुठेतरी घोटाळा आहे हे डॉक्टरांना दिसत होतं, पण तो नेमका कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता येत नव्हतं, आणि बोटांचं प्रशिक्षण तर नुकतंच झालेलं. दुसऱ्या दिवशी विभागाच्या दारावर पाटी लागली: 'येथे उजव्या घोट्यावर प्रशिक्षित उपचार केले जातील. डाव्या घोट्याच्या रुग्णांनी धीर धरावा.' ऑपरेशन थिएटरची किल्ली अधीक्षकांनी स्वतःच्या खिशात ठेवली आणि आत जाणारा पाय उजवा असल्याची खात्री ते स्वतः चादर वर करून घेऊ लागले.

लोकांनी आरडाओरडा केला असेल असं तुम्हाला वाटत असेल, तर लोक तुम्हाला माहीत नाहीत. लोक खूश झाले. एवढी वर्षं आपण आपले पाय एका सरसकट डॉक्टरच्या हवाली करत होतो, या विचाराने त्यांच्या अंगावर काटा आला. "पूर्वी म्हणे एकच माणूस दोन्ही पाय करायचा," रांगेतले एक आजोबा शेजाऱ्याला सांगत होते, "आणि आपण करू द्यायचो." उजवा घोटा मोडलेल्यांच्या चालण्यात, म्हणजे लंगडण्यात, एक निराळाच रुबाब आला. एक रंगारी शिडीवरून दोन्ही पायांवर पडला होता. त्याचा उजवा घोटा ताबडतोब झाला आणि त्याला घरी जायची परवानगी मिळाली. डावा मात्र पाळी येईपर्यंत रुग्णालयातच थांबला आणि त्याच्याबरोबर नाइलाजाने रंगारीही.

"माझं बरं आहे," भूलतज्ज्ञ बाई डॉक्टरांना म्हणाल्या. त्या डॉक्टरांच्या जुन्या सहकारी, आणि त्यांची जीभ त्यांच्या सुईपेक्षा जास्त टोचत असे. "मी अजून कुठल्याच प्रशिक्षणाला गेले नाही, त्यामुळे माणूस अख्खा झोपवते. उद्या गेले आणि त्यांनी फक्त उजवी बाजू शिकवली, तर रुग्णाचा डावा डोळा तुमच्याकडे बघत राहील."

असा सगळा कारभार सुरळीत चालू असताना डॉक्टरांची ताई बसच्या पायरीवरून उतरताना पडली.

ताई शाळेची बस चालवायची. आईवडील लवकर गेले, तेव्हा तिने स्वतःचं शिक्षण सोडून हातात स्टीअरिंग धरलं आणि त्यावर या धाकट्या भावाला डॉक्टर केलं. हे तिने कधी बोलून दाखवलं नाही. दाखवायची गरजच नव्हती, कारण डॉक्टर ते क्षणभरही विसरत नसत. त्यांनी पन्नाशी ओलांडली तरी ती त्यांना 'छोट्या' म्हणायची, तेही रुग्णालयाच्या भर व्हरांड्यात, आणि डॉक्टर निमूटपणे ओ द्यायचे. जगात त्यांचा सगळ्यात जास्त जीव तिच्यावर होता आणि सगळ्यात जास्त भीतीही तिचीच.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. घोटा दोन्ही बाजूंनी मोडला होता. घोटा डावा होता.

"छोट्या, क्लच डाव्या पायाने दाबतात," ताई स्ट्रेचरवरून म्हणाली. "एवढं ध्यानात ठेव. मला नुसतं चालता येऊन भागायचं नाही. दाबता आलं पाहिजे. घरात बसवलंस तर मी तुझं डोकं खाईन."

"तू काळजी करू नकोस, ताई. मी आहे ना."

डॉक्टर होते, पण उजव्या पायापुरते. सूज उतरेपर्यंत थांबायचं आणि सूज उतरली की अजिबात थांबायचं नाही, हे डॉक्टरांना पाठ होतं. उशीर झाला तर हाडं कोणाची वाट पाहत नाहीत; ती जशी असतील तशी, वेडीवाकडी जुळायला लागतात. मग ताईचा पाय जमिनीला टेकला असता, पण क्लच काही त्याने दबला नसता. बस दुसऱ्या कोणाच्या तरी हातात गेली असती आणि ताई खिडकीशी बसून ती जाताना बघत राहिली असती. डॉक्टर धावतच अधीक्षकांकडे गेले.

"अहो, तुमची ताई ती माझीही ताईच," अधीक्षक कळवळून म्हणाले. "म्हणूनच तर तिला अप्रशिक्षित हातात द्यायला मन धजत नाही."

"मग मी तिला दुसरीकडे हलवतो."

"जरूर हलवा."

डॉक्टरांनी आसपासच्या सगळ्या रुग्णालयांना फोन लावले. सगळीकडचे शल्यविशारद प्रशिक्षित झालेले होते, त्याच दालनात, त्याच पायांवर. एका लांबच्या गावात एक अप्रशिक्षित डॉक्टर अजून शिल्लक असल्याचं कळलं. पंचक्रोशीतले सगळे डावे घोटे त्याच्या दारात गोळा झाले होते, आणि त्याच गर्दीवर बोट ठेवून त्याच्या वरिष्ठांनी त्याला कालच प्रशिक्षणाला रवाना केलं होतं.

शेवटी डॉक्टरांनी प्रशिक्षणप्रमुखांचेच पाय धरले, म्हणजे फोनवरून.

"डाव्याची मागणी सगळीकडूनच येते आहे," प्रमुख म्हणाले. "सोय केली आहे. निघून या."

तेच दालन होतं, तीच टेबलं आणि तेच उजवे पाय. फरक एवढाच की या वेळी प्रत्येक पायाशेजारी शिंप्याच्या दुकानात असतो तसा एक उभा आरसा होता.

"उजवा पाय आरशात डावा दिसतो," प्रमुखांनी सुरुवात केली. "हे शास्त्र आहे. तेव्हा पायाकडे कोणीही बघायचं नाही. फक्त आरशात बघायचं आणि काम करायचं."

सगळ्या शल्यविशारदांनी आरशात पाहिलं आणि प्रथम केस नीट केले. ज्यांना केस नव्हते त्यांनी भुवया नीट केल्या. मग ड्रिल सुरू झाले. हात इकडे न्यावा तर आरशात तो तिकडे जाई, तिकडे न्यावा तर इकडे येई. एका तज्ज्ञांनी स्वतःची बाही पायाला पक्की स्क्रू केली आणि पुढचा सगळा वेळ ते त्या पायाला सोबत करत उभे राहिले. डॉक्टरांचा ड्रिल टेबलात घुसला.

"सर, टेबलाला भोक पडलं."

"आरशातल्या टेबलालाही पडलं का?"

"पडलं."

"मग तुमचं तंत्र बरोबर आहे. पाय सरावाने सापडेल."

डॉक्टरांना गप्प बसवेना. "पण सर, मला खऱ्या डाव्या पायाचं ऑपरेशन करायचं आहे. त्याच्यासमोर आरसा धरला तर आत उजवा दिसेल."

प्रमुखांची नाजूक बोटं हवेतच थांबली. "तो पुढच्या पातळीचा विषय आहे," ते म्हणाले आणि दुसऱ्या टेबलाकडे वळले.

बिल्ल्याचाही साचा एकच होता. म्हणून तसाच दुसरा बिल्ला उलटा करून, पाठ वर आणून, प्रत्येकाच्या कोटावर दोऱ्याने शिवून देण्यात आला. त्यामुळे पाऊल डावं झालं, पण मागची टाचणी पुढे आली. अभिनंदन करायला मिठी मारणाऱ्यांना तिचा चांगलाच प्रत्यय आला.

डॉक्टर परतले तेव्हा ताईची सूज उतरली होती. ते घाम पुसत अधीक्षकांसमोर उभे राहिले आणि अधीक्षकांनी सुरक्षित अंतरावरून दोन्ही बिल्ले पाहिले.

"उत्तम. एकच अट. तुमचं डाव्याचं प्रशिक्षण आरशातून झालं आहे, म्हणजे ऑपरेशनही आरशातूनच झालं पाहिजे."

"साहेब, डावा पाय आरशात उजवा दिसतो."

अधीक्षकांनी विचार केला. टाचणीने टेबलाची एक पूर्ण फेरी मारली. "मग तर प्रश्नच मिटला," ते म्हणाले. "उजव्याचं प्रशिक्षण तुमच्याकडे आहेच. तुमची ताई नशीबवान आहे. तिला दुहेरी प्रशिक्षित डॉक्टर मिळाला. मी स्वतः हजर राहीन."

ताईच्या कानावर आरशाची गोष्ट आधीच गेली होती. वॉर्डात दुसरा विषयच नव्हता.

"आरसा मोठा आहे ना रे?" तिने विचारलं.

"ताई, आरशाचं एवढं काही नसतं. मी सरळ पायाकडे बघून..."

"छोट्या, मी जन्मभर आरशात बघून गाडी मागे घेतली. आरशात न बघता मागे घेणारा माणूस म्हणजे अडाणी. तू शहाणपणा करू नकोस. शिकून आलायस तसं कर."

थिएटरमध्ये पायाच्या बाजूला आरसा उभा केला होता. अधीक्षक टोपी, गाऊन चढवून देखरेखीला हजर होते. भूलतज्ज्ञ बाईंनी ताईला झोपवलं, अख्खं.

"मी खाली बघून करणार आहे," डॉक्टर त्यांच्या कानाशी पुटपुटले.

"मी रुग्णाच्या डोक्याशी बसते," बाई म्हणाल्या. "पायाकडे कोण कुठे बघतंय, मला काय दिसणार?"

अधीक्षकांचं काय, ही धास्ती होतीच. पण अधीक्षक आरशासमोर उभे राहिले आणि त्यांना तिथे अधीक्षक दिसले. त्यांनी टोपी सरळ केली, ती पुन्हा थोडी तिरकी केली, पोट आत ओढलं, एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने पाहिलं. आरशासमोर उभा असलेला माणूस दुसरीकडे बघत नाही, हे डॉक्टरांना प्रशिक्षणातच कळलं होतं. त्या प्रशिक्षणाचा त्यांना झालेला तेवढा एकच उपयोग.

डॉक्टरांनी मान खाली घातली आणि ताईच्या पायाकडे पाहिलं. तळव्याला क्लच दाबून दाबून पडलेला घट्टा होता. त्या घट्ट्यावर आपण शिकलो, हे मनात येऊन त्यांचे डोळे भरून आले, पण हात थांबले नाहीत. हातांना कुठे जायचं ते ठाऊक होतं. तुकडे जागच्या जागी आले, पट्टी बसली, स्क्रू बसले. काम संपल्यावर डॉक्टरांनी हातमोजे काढले.

"आरशात फारच सुबक दिसलं," अधीक्षक म्हणाले. ते प्रामाणिकपणेच सांगत होते; आरशात ते स्वतःच होते.

हाड जुळलं, आणि असं जुळलं की ताईने बसमध्ये चढून पहिल्याच दिवशी क्लच दाबला आणि खिडकीतून भावाला हात केला. डॉक्टरांना आभाळ ठेंगणं झालं. मग ताईने सगळ्यांना सांगायला सुरुवात केली. शाळेत सांगितलं, डेपोत सांगितलं, चहाच्या टपरीवर पाय वर करून दाखवला. भावाचं कौतुक तिने केलंच, पण ओघाओघात. खरी कमाल आरशाची होती. "मागचं-पुढचं सगळं दिसतं त्यात," ती म्हणायची. "नाहीतर या हाडवाल्यांना एकाच बाजूचं दिसतं."

रुग्णालयात डावे घोटे लोटले. उजव्या घोट्याचेही रुग्ण आता आरसा मागू लागले; डाव्यांना मिळतो आणि आम्हाला का नाही, हा त्यांचा सवाल रास्तच होता. डॉक्टर आरसा उभा करायचे, मान खाली घालायचे आणि काम करायचे. त्यांचं काही बिघडत नव्हतं. पण शेजारच्या गावचे डॉक्टर सरळमार्गी होते. त्यांना आरशात बघायला सांगितलं होतं आणि ते खरोखरच आरशात बघत होते. त्यांच्या हाताखालून गेलेला एक माणूस सरळ चालायला लागला की हळूहळू डावीकडे वळत जायचा आणि आपल्याच घराला वळसा घालून पुन्हा दाराशी यायचा. त्याची तक्रार नव्हती. आरसा नसता तर आपण घरापर्यंतही पोचलो नसतो, असं तो सगळ्यांना सांगत असे.

हे ऐकल्यावर मात्र डॉक्टरांच्या जिवाला चैन पडेना. आपल्या गप्प बसण्यापायी लोकांचे पाय वाकडे होत आहेत, हे त्यांना सहन होईना. सगळ्यांना खरं सांगायचं त्यांनी ठरवलं, आणि पहिल्यांदा अर्थातच ताईला.

ती बस उभी करून बाहेरचा आरसा फडक्याने पुसत होती.

"ताई, एक सांगायचं होतं. तुझं ऑपरेशन मी आरशात बघून केलंच नाही. सरळ तुझ्या पायाकडे बघून केलं."

फडकं थांबलं. "एकदाही आरशात पाहिलं नाहीस?"

"एकदाही नाही. आणि बघ, किती छान झालंय."

ताईने पायाकडे पाहिलं. कोणाच्या तरी दुसऱ्याच्याच पायाकडे पाहावं तसं बराच वेळ पाहिलं.

"तरीच," ती म्हणाली.

"काय तरीच?"

"तरीच इतके दिवस काही दुखत नव्हतं. मी म्हणतेच आहे, एवढं ऑपरेशन होऊन दुखत कसं नाही."

दुसऱ्या दिवसापासून ताई लंगडायला लागली. डॉक्टरांनी घोटा तपासला, वळवून पाहिला, नवा एक्स-रे काढला. हाड पोलादासारखं होतं. "तू बघतोयस ते नुसतं, छोट्या," ती हळूच म्हणाली. तिला भावाचं मन दुखवायचं नव्हतं. त्याच आठवड्यात तिने बसची किल्ली डेपोत परत दिली. ज्या पायासाठी डॉक्टरांनी पुन्हा एकदा प्रशिक्षणाला हात नेऊन आणले होते, तो पाय खडखडीत बरा होऊन घरी बसला.

डॉक्टरांनी खोलीतला आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि येईल त्याला खरं सांगायला सुरुवात केली. 'मी पायाकडे बघून ऑपरेशन करतो' हे एवढं वाक्य ऐकलं की लोक आदराने उठून उभे राहत आणि निघून जात. अधीक्षकांनी शेजारच्या गावच्या डॉक्टरांना आरशासकट बोलावून घेतलं आणि समोरचीच खोली दिली. ताई तिथे गेली. त्यांनी तिचा डावा पाय आरशात नीट पाहिला आणि उजवा उत्तम असल्याचं सांगितलं. डावा उघडून पाहावा लागेल. तिला पुढची तारीख मिळाली.

तर अशी ही परिस्थिती आहे. डॉक्टरांच्या खोलीबाहेरचा बाक रिकामा असतो. डॉक्टर आत हात मांडीवर ठेवून बसलेले असतात. समोरची रांग जिन्यापर्यंत जाते. त्या रांगेत ताई आहे, आणि ती तासन्‌तास सगळा भार डाव्या पायावर देऊन उभी असते, कारण उजवा दमतो म्हणते. डॉक्टर रोज दारातून तिच्याकडे पाहतात. एकदा त्यांनी खुर्ची नेऊन दिली, तर ती म्हणाली, "नको रे, बसलं की नंबर जातो."

तुम्ही ताईला हसला असाल. हसा, हक्क आहे तुमचा. पण मागच्या वेळी तुम्ही दुखणं घेऊन कुठल्याशा डॉक्टरसमोर बसला होतात आणि ते तुमच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवून इथे दुखतं का, असं विचारत होते, तेव्हा तुम्ही त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवरच्या प्रमाणपत्रांच्या चौकटी वाचत होतात.